हुकूम एका भाषेचा, कागद दुसऱ्या भाषेचा

आमच्या सातारा भागातल्या मराठीत असे काही शब्द आहेत, की ते मूळचे कोणत्या भाषेतले असं विचारलं तर शाळेचा मास्तरही डोकं खाजवील. रात्री अवेळी कुणी वाडीत शिरलं की ओट्यावरचा म्हातारा ‘हुकुमदार!’ म्हणून ओरडायचा. आम्हा पोरांना वाटायचं, हुकुमदार म्हणजे कुणी मोठा अंमलदार असणार. तसं काही नव्हतं. छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी अंधारात ‘हू कम्स देअर’ असा इंग्रजी सवाल करायचा, म्हणजे कोण येतंय तिकडं. शिपायांच्या जिभेनं तो सवाल घोळून घोळून त्याचा हुकुमदार केला. नव्या शिपायाला ‘रंगरूट’ म्हणायचं, ते मूळचं रिक्रूट. लंगर, कवायत, बारक, दरबार, पिन्शन हे शब्दही गावात असे रुळलेले, की ते बाहेरून आले असं कुणाच्या मनातही येत नसे.

याचं कारण उघड आहे. आमच्या जिल्ह्यात घराघरातून माणूस पलटणीत गेलेला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. लोक त्या गावाला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. इतकी माणसं फौजेत गेली, त्यांनी हुकूम ऐकला, पत्रं लिहिली, अर्ज केले, परीक्षा दिल्या. हे सगळं त्यांनी कोणत्या भाषेत केलं, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. शौर्याच्या गोष्टी सांगतो, पदकं मोजतो. मी आयुष्यभर मुंबईत देवनार भागात महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे मला हा प्रश्न सुटत नाही. फौजेत भाषा हा सोयीचा मामला असतो खरा, पण तो हक्काचाही असतो, आणि त्याची झळ नेहमी सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला लागते.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. शिवाजी महाराजांच्या पायदळात पाईकांच्या लहान टोळीवर नाईक असे, पाच नाइकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. यातले बरेच शब्द फारसी-अरबीतून आलेले, कारण तीनशे वर्षं इथल्या दरबारांची भाषा फारसी होती. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सरनोबताचा सेनापती झाला. पण खाली पायदळात काय झालं पाहा. नाईक नाईकच राहिला, हवालदार हवालदारच राहिला. वरच्या पदाचं नाव कागदावर बदलता येतं. रोज शंभर वेळा हाक मारायचं नाव असं बदलत नाही. पुढं इंग्रजांच्या देशी पलटणींतही हेच हुद्दे गेले, आणि आज मद्रासचा असो की मणिपूरचा, भारतीय लष्करातला जवान बढती मिळाली की नाईक होतो, मग हवालदार होतो. आपण म्हणतो फौजेनं आमच्या गावाला शब्द दिले. तसे गावानंही फौजेला दिले आहेत.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात पलटणी उभारल्या तेव्हा त्यांच्यापुढं मोठी अडचण होती. साहेब विलायतेचा, शिपाई मावळातला किंवा कोकणातला. आज मराठा लाइट इन्फंट्रीत जी सर्वांत जुनी ‘जंगी पलटण’ आहे ती १७६८ साली उभी राहिली. तिथल्या साहेबानं ‘पुढं हो’ कसं सांगायचं? कवायतीचे हुकूम इंग्रजीत, हे लवकर ठरलं, कारण ते थोडे असतात आणि पोपटासारखे पाठ करता येतात. पण शिपाई आजारी पडला, त्याचं शेत भावकीनं दाबलं, त्याच्यावर चोरीचा आळ आला, तर पाठ केलेले हुकूम काय कामाचे? म्हणून दर पलटणीत एक दुभाषा अधिकारी असायचा. देशी भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय ती जागा मिळत नसे.

मराठीवर याचा एक उपकार झाला आहे. मराठीचा जो थोरला कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, तो मोल्सवर्थचा. हा जेम्स मोल्सवर्थ मुंबईच्या देशी पायदळातला कप्तान. त्याला मदत करणारे जॉर्ज आणि थॉमस कँडी हे दोघे भाऊही लष्करातलेच. १८३१ साली त्यांचा कोश छापून झाला. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्याच्याही आधी, १८२४ साली, ज्या व्हॅन्स केनेडीनं मराठीचा कोश काढला तोही मुंबई फौजेचाच अधिकारी. कुणब्याच्या, कोळ्याच्या, बायकांच्या तोंडचे कितीतरी शब्द त्या कोशात सापडतात. हे काम करताना त्यांना ब्राह्मण शास्त्र्यांची मदत होती आणि राज्य चालवण्याचा स्वार्थही होता, हे विसरायचं कारण नाही. पण एक गोष्ट उरतेच. त्या काळी साहेबानं शिपायाची भाषा शिकायची, अशी रीत होती. शिकण्याचं ओझं वरच्यावर होतं.

हे ओझं पुढं हळूहळू खाली सरकलं. इंग्रजांनी सगळ्या हिंदुस्थानची फौज एका साच्यात घालायला घेतली तेव्हा शीख, पठाण, गढवाली, डोगरा, मराठा सगळ्यांना मिळून एक भाषा हवी झाली. ती ठरली हिंदुस्थानी, आणि लिपी ठरली रोमन. म्हणजे शब्द उर्दू-हिंदीचे आणि अक्षरं इंग्रजी. नागरीत लिहावं की उर्दूत, हे भांडणच नको. मराठा शिपायाला हिंदुस्थानी परकी आणि अक्षरंही परकी, असा दुहेरी डोंगर चढावा लागे. रोमनची तिसऱ्या वर्गाची परीक्षा, मग दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. त्यांवर बढती अवलंबून.

आमच्या भावकीत एक चुलत आजोबा होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. शाळा तिसरीपर्यंत झालेली, पण ‘थर्ड क्लास रोमन’ पास. ते पहिल्यांदा मुंबईत माझ्याकडं देवनारला आले तेव्हा स्टेशनापासून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत आले. दुकानांच्या इंग्रजी पाट्या, औषधांच्या जाहिराती, काही सोडलं नाही. मी म्हटलं, “आबा, इंग्लिश येतंय की तुमास्नी!” तर म्हणाले, “अक्षरं समदी येत्यात रं. अर्थ न्हाय येत. फौजेनं आमाला डोळं दिलं, कान ऱ्हायलं.” मग बेस्टची बस आली. समोरच्या बाजूला मराठीत ‘देवनार’ लिहिलेलं आणि बाजूला इंग्रजीत. त्यांनी दोन्ही वाचली आणि समाधानानं बसले.

आबांचं ते बोलणं थट्टेचं होतं, पण त्यात रोमनच्या सगळ्या धोरणाचं माप आहे. संदेश वाचायला, नकाशावरचं नाव ओळखायला, भांडाराची यादी करायला ती लिपी पुरेशी होती. मनातलं लिहायला नव्हती. त्यामुळे हुकूम रोमनमध्ये आणि घरचं पत्र मराठीत, अशी वाटणी झाली. ज्याला लिहिता येत नसे तो शेजारच्या खाटेवरच्याला सांगून लिहून घ्यायचा. इकडं गावात आजी मास्तरांकडून वाचून घ्यायची. एका पत्राला लिहिणारा एक, सांगणारा दुसरा, वाचणारा तिसरा आणि ऐकणारी चौथी. तरी ते पत्र घरचंच वाटायचं, कारण भाषा घरची होती.

या पत्रांच्या बाबतीत इतिहासानं एक विचित्र खेळ केला आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला सरकारनं खास कचेरी उघडली. एव्हलिन हॉवेल नावाचा मुलकी अधिकारी तिचा प्रमुख होता. १९१५ च्या मार्चपर्यंत आघाडीवरचे हिंदी शिपाई आठवड्याला १० ते २० हजार पत्रं लिहीत होते. कचेरीत वेगवेगळ्या भाषा जाणणारी माणसं बसवून पत्रं वाचली जात, निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर होई आणि त्याचे अहवाल वर जात. शिपायांनाही आपली पत्रं उघडली जातात हे कळलं होतं. म्हणून ते आडून लिहीत. कुणी काळ्या मिऱ्याचं आणि लाल मिरचीचं लिही. काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, म्हणजे काय ते घरच्यानं समजून घ्यायचं. भाषांतर करणारा शब्द उलथवू शकतो, मिरचीमागचा जीव त्याला कसा उलथवता येणार?

ही इंग्रजी भाषांतरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत, अभ्यासक त्यावर पुस्तकं लिहितात. मूळ पत्रं घरोघर गेली. पितळी डब्यात, आढ्याला खोचलेली, देवळीत ठेवलेली. तिथं वाळवीनं आणि पावसाळ्यानं आपलं काम केलं. म्हणजे ज्या शिपायानं आपल्या भाषेत लिहिलं, त्याचे शब्द आज उरले ते पहारा करणाऱ्याच्या भाषेत. आपल्या खेड्यांचा इतिहास लिहायचा तर आपल्याच माणसाचं बोलणं इंग्रजीतून परत मराठीत आणावं लागतं. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली आणि कैदेत, वाळवंटात, माणसं वाटेवर पडली. वेढा चालू असताना तुर्कांनी हिंदी शिपायांना फितवायला भारतीय भाषांत छापलेली पत्रकं खंदकांकडं धाडली होती. शिपायाचं मन कोणत्या भाषेत हलतं, हे शत्रूलाही ठाऊक होतं.

आता एका वेगळ्या माणसाकडं वळतो, कारण भाषा म्हणजे फक्त सोय नव्हे हे त्याच्याइतकं कुणी दाखवलं नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर बसू देत नव्हते, त्यांना छावणीत शाळा मिळाली. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापक होते. त्याच परंपरेतले गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे, पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. सरकारनं १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी फौजेच्या वरिष्ठांकडे विनंतीपत्र तयार केलं. ते मराठीत होतं.

या घटनेकडं जरा थांबून बघायला हवं. भरती बंद झाली म्हणजे पगार गेला, पेन्शन गेलं, आणि शाळाही गेली. जी पिढी छावणीत मराठी लिहायला शिकली, तिनंच तो मराठी कागद लिहून विचारलं, की आमचं दार का बंद केलं. पुढं शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकरांच्या कागदानंतर ४७ वर्षांनी. अर्जामुळंच सगळं झालं असं नव्हे, महायुद्धाची गरज होती आणि बाबासाहेबांचा रेटा होता. पण ज्याला आपल्या भाषेत तक्रार लिहिता येते त्याला पुसून टाकणं अवघड जातं, एवढं यातून दिसतं. शाळा मराठीतून होती म्हणून कागद मराठीतून निघाला.

आणि रणातली भाषा? दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये सेनिओ नदीच्या काठी, ९ एप्रिल १९४५ ला, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतला शिपाई नामदेव जाधव कंपनीचा निरोप्या म्हणून पुढं गेला. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा गडी. जखमी साथीदारांना त्यानं पाण्यातून आणि सुरुंगांतून मागं पोचवलं, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागली होती. शेवटी बांधावर चढून, मराठ्यांची रणघोषणा देत, त्यानं मागच्यांना पुढं बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्या सन्मानाच्या मजकुरात या आरोळीचा उल्लेख आहे. निरोप्याचं काम म्हणजे ठरल्या भाषेत ठरला निरोप पोचवणं. तो माणूस शेवटी जे ओरडला ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

मराठा लाइट इन्फंट्रीची आजची घोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. नीट ऐकली तर त्यातलं ‘की जय’ हिंदुस्थानी आहे. महार रेजिमेंटची ‘बोलो हिंदुस्तान की जय’. मराठी शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या कुणाला हे खटकेल. मला खटकत नाही. पलटणीत राहून माणसाची भाषा मिसळते, तशी घोषणाही मिसळली. मिसळणं आणि मिटवणं यांत फरक असतो. घोषणेत नाव आपलं आहे, व्याकरण शेजाऱ्याचं आहे, आणि दोन्ही तिथं राजीखुशीनं आहेत.

हा प्रश्न फक्त आपल्याच फौजेपुढं आला असं नाही. युरोपात १८६७ ते १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य होतं. जर्मन, मग्यार, चेक, पोलिश, रुथेनी, क्रोएशियन, रुमानियन अशा कितीतरी भाषांची माणसं एका फौजेत. त्यांनी सरळ तीन कप्पे केले. हुकुमाची भाषा जर्मन, तिचे सुमारे ८० हुकूम सगळ्यांनी पाठ करायचे. कचेरीच्या कामकाजाची भाषाही जर्मन. पण तिसरी होती पलटणीची भाषा. ज्या पलटणीत एखादी भाषा बोलणारे निदान शंभरात वीस असतील, तिथं ती भाषा पलटणीची मानायची, आणि अधिकाऱ्यानं ठरल्या मुदतीत ती शिकायची. शिकवणं, समजावणं, तक्रार ऐकणं त्या भाषेतून. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. हंगेरीच्या पुढाऱ्यांनी हुकुमाची भाषाही मग्यार हवी म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा पेच उभा केला, आणि पहिल्या महायुद्धात जुने भाषा शिकलेले अधिकारी मेल्यावर नव्यांना ते साधलं नाही. तरी त्यातली कल्पना पक्की होती. शंभरातल्या वीस जणांचा आवाज कायद्यात धरलेला होता, कुणा साहेबाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता.

देवनारच्या लोकांना हे कप्पे समजावून सांगावे लागत नाहीत. इथं १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना आला, आणि बकरी ईदच्या आधी जनावरांचा जो बाजार भरतो त्यात राजस्थानचा, गुजरातचा, मध्य प्रदेशचा आणि आपल्या नगर-सोलापूरचा माणूस येतो. सौदा होतो मुंबईच्या हिंदीत. पण बकरं आजारी पडलं की प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या बोलीत त्याला चुचकारतो, आणि भावाशी फोनवर नफा-तोटा स्वतःच्या भाषेत बोलतो. सौद्याची भाषा एक असायला कुणाची हरकत नसते. मुंबई महापालिकेनंही हे ओळखलं होतं. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत तिच्या शाळा चालत आल्या आहेत. माझ्या वर्गाला लागून उर्दूचा वर्ग भरायचा. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची पोरं एकच खेळ एकाच खिचडी भाषेत खेळायची आणि घंटा झाली की आपापल्या पुस्तकाकडं जायची.

स्वातंत्र्यानंतर फौजेत कवायतीचे हुकूम हिंदीत आले. ‘अटेन्शन’चं ‘सावधान’ झालं, ‘स्टँड अॅट ईज’चं ‘विश्राम’ झालं. रोमन हळूहळू मागं पडत गेली आणि नागरी आली. मराठी जवानाला लिपी तरी ओळखीची झाली, तमिळ किंवा नागा जवानाला तीही नवीच. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदानं संसदेला असा अधिकार दिला आहे, की शिस्तीसाठी सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालता यावी. पण ३५० वा अनुच्छेद म्हणतो, की कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी कोणत्याही माणसाला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. कोर्ट मार्शलमध्ये दुभाषाची तरतूद आहे. ‘फौजी अखबार’ १९०९ साली सुरू झाला, त्याचंच आजचं ‘सैनिक समाचार’ १३ भाषांत निघतं, त्यात मराठी आहे. म्हणजे हुकुमाची भाषा एक आणि माणसाच्या भाषा अनेक, हे तत्त्व आपणही मानलं आहे.

बेळगावचंच बघा. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून तिथं आहे. १९५६ साली राज्यं भाषेवर बेतली गेली आणि बेळगाव पूर्वीच्या मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलं. शहरातला मराठी माणूस एका रात्रीत भाषिक अल्पसंख्याक झाला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली, ती अशाच माणसांसाठी. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. छावणीच्या भिंतीआत मात्र मराठी आणि कन्नड बोलणारी पोरं एकाच रांगेत उभी राहतात. बाहेर पाटी कोणत्या भाषेत लावायची यावर दगड पडतात. आत हवालदार दोघांनाही एकाच हिंदीत शिव्या देतो आणि दोघंही रात्री घरी फोन करताना आपल्या आईची भाषा बोलतात.

मग दुखतं कुठं? मला वाटतं, ते दारात दुखतं. फौजेत शिरल्यावर माणूस सहा महिन्यांत हुकुमाची भाषा शिकतो, आबांनी रोमन शिकली तशी. पण शिरण्याआधीच परीक्षा परक्या भाषेत असेल तर शिकण्याची संधीच येत नाही. आमच्याकडं सकाळी सहाला पोरं रस्त्यावर पळतात, आता पोरीही पळतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, याचा हिशेब प्रत्येकाच्या ओठावर. पळण्यात कुणी कमी नाही. अडतात ती लेखी परीक्षेत. गणित येतं, पण प्रश्नातलं हिंदी वाक्य किंवा इंग्रजी शब्द उलगडेपर्यंत वेळ जातो. त्यात खेड्यातल्या मराठी शाळेतला आणि देवनारच्या उर्दू शाळेतला मुलगा सारखाच अडकतो.

इतक्यात यात बदल झाला आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्यांदा हिंदी-इंग्रजीबरोबर १३ प्रादेशिक भाषांत झाली. त्यात मराठी आहे, कोकणी आहे, उर्दू आहे. २०२५ मध्ये लष्करानंही अग्निवीर भरतीची प्रवेश परीक्षा १३ भाषांत घेतली आणि त्यातही मराठी व उर्दू आल्या. एकेकाळी कप्तान मोल्सवर्थ शिपायाची भाषा शिकत होता. मधली शंभर-सव्वाशे वर्षं शिपायानंच सगळं शिकायचं असा शिरस्ता पडला. आता कुठं ओझं थोडं परत वर सरकलं आहे.

पण मराठी माणसानं इथंच हात झाडू नयेत. १८२५ साली खानदेशात जेम्स औट्रमनं भिल्ल कोअर उभी केली. पहाडातल्या भिल्लांना त्यांच्यात राहून, त्यांच्याशी बोलून त्यानं फौजेत आणलं. आज दोनशे वर्षांनी नंदुरबारच्या भिल्ल पोराला किंवा गडचिरोलीच्या गोंड पोराला परीक्षेत भिली किंवा गोंडी मिळत नाही. या भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतच नाहीत. हिंदीच्या दारात आपण जे मागतो तेच मराठीच्या दारात ही पोरं मागू शकतात. महाराष्ट्रात राहून त्यांनी शाळेत मराठी शिकावी, हे ठीक. पण सुरुवातीची दोन वर्षं मास्तरला त्यांची बोली यायला नको काय?

गेल्या वर्षी आमच्या इथल्या एका पोराचा भरतीचा अर्ज भरायला मी बरोबर गेलो. सायबर कॅफेवाल्यानं त्याला न विचारताच भाषेच्या रकान्यात इंग्रजी टाकली होती. मी म्हटलं, “बाळा, मराठी आहे की यात.” तो जरा वरमला. म्हणाला, “सर, मराठी टाकली तर वाटंल, ह्याला काय येत नाही.” मी त्याला वलंगकरांची गोष्ट सांगितली. ज्या काळी मराठी लिहिणारा महार शिपाई म्हणजेच लोकांना अजब वाटायचं, त्या काळी त्यांनी मराठीतच कागद लिहिला. पोरानं ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिला. मग कॅफेवाल्याला म्हणाला, “भाई, वो लँग्वेजवाला फिर से खोलो.” हे तो हिंदीत म्हणाला, आणि रकान्यात मराठी भरली.